पालखी दारावरून पुढे गेली, तेव्हा

आदरणीय ताई,

स. न. वि. वि. आमचे गाव रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्रीच्या खाडीलगत आहे. ग्रामपंचायतीच्या गेल्या निवडणुकीत आमच्या प्रभागातील महिला राखीव जागा बिनविरोध करायची, असे गावकीने देवळातल्या बैठकीत ठरवले आणि नावही ठरवले. माझ्या पत्नीने तरीही अर्ज भरला. मागे घेतला नाहीस तर देवीचा कोप होईल, असे तिला सांगण्यात आले. तिने घेतला नाही, आणि अकरा मतांनी ती हरली. तिला मिळालेली बरीचशी मते खालच्या वाडीतली होती, याचा गावकीला अधिक राग आहे. तेव्हापासून आमची वर्गणी घेत नाहीत. दुकानदार माल संपला म्हणतो, गिरणीवाला दळण परत पाठवतो, लावणीला आमच्या शेतात कोणी पाय ठेवला नाही, आणि यंदा शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या दारावरून पुढे गेली. आता निरोप आला आहे, की पत्नीने देवीपुढे नारळ ठेवून गावाची माफी मागावी आणि पंचवीस हजार रुपये दंड भरावा. पौर्णिमेला बैठक आहे. मुंबईचा भाऊ म्हणतो, पैसे भर आणि मोकळा हो. आई ऐंशी वर्षांची आहे. आपल्याला खांदा कोण देणार, या एकाच चिंतेने ती झोपत नाही. आम्ही काही खालच्या बौद्धवाडीतले नाही, की आम्हांला पालखी नाकारावी. आम्ही मानकऱ्यांच्याच भावकीतले आहोत. कायदा शहरात चालतो, इथे गावकी चालते. दंड भरून टाकावा का?

— एक वाचक

नमस्कार.

आपल्यापाशी पौर्णिमेपर्यंतचाच वेळ आहे, म्हणून उत्तर आधी देते. दंड भरू नका, आणि पत्नीला माफीसाठी देवळात उभे करू नका. पंचवीस हजार रुपये जमवणे आपल्याला जड आहे की नाही, याच्याशी या उत्तराचा संबंध नाही. ज्या दिवशी आपण ते पैसे मोजाल त्या दिवशी निवडणुकीला उभे राहणे हा गुन्हा होता, अशी कबुली आपण साऱ्या गावासमोर दिलेली असेल, आणि पुढे ज्या कोणा स्त्रीच्या मनात अर्ज भरायचे येईल तिला आपल्या घराकडे बोट दाखवून गप्प बसवले जाईल.

दारावरून पुढे गेलेल्या पालखीचे दुःख कोकणाबाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे, पण मला ते सांगावे लागणार नाही. माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातले. पालखी येणार म्हणून आदल्या दिवशी अंगण सारवलेले असायचे, ताटात खण-नारळ काढून ठेवलेला असायचा, आणि गणपतीला न जमलेली मुंबईची माणसेही त्या एका दिवसासाठी रजा काढून यायची. एका वर्षी शेजारच्या घराचे सारवलेले अंगण तसेच राहिले आणि पालखी पुढे गेली. त्या घरातली म्हातारी ताट हातात घेऊन बराच वेळ उंबऱ्यात उभी होती. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. त्या घराचे काय चुकले होते, हे मला कोणी सांगितले नाही. मोठेपणी विचारले, तर घरातल्यांनाही ते नीट आठवत नव्हते.

गावकी ही मुळात टाकाऊ संस्था आहे, असे मी म्हणणार नाही, आणि आपल्यालाही तसे वाटत नसावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, सुपारी आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. सरकारी मदत पोहोचेपर्यंत रस्त्यावरची झाडे तोडली ती गावातल्याच लोकांनी, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरावर ताडपत्री टाकली तीही त्यांनीच. देऊळ, पाणवठा, पाखाडी, रात्री-अपरात्री रुग्णाला खाली रस्त्यापर्यंत आणणे, ही सगळी कामे कोकणात पिढ्यान् पिढ्या गावकीच्या जोरावर झाली आहेत. म्हणूनच वाळीत टाकणे ही इतकी कठोर शिक्षा ठरते. शहरात शेजारी बोलेनासा झाला तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या सव्वाशे घरांच्या गावात दुसरे दुकान नसते, दुसरी गिरणी नसते, आणि तरवा लावायला वेळेवर हात मिळाले नाहीत तर ते वर्ष गेलेच. जी एकजूट संकटात माणसाला तारते, तीच एका घरावर उलटवली तर ते घर उभे राहू शकत नाही, हे बैठकीत बसणाऱ्यांना पक्के ठाऊक असते.

आपल्या पत्नीने काय केले, ते आता नीट पाहू. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. गावकीच्या बैठकीत बहुतेक ठिकाणी आजही पुरुषच बसतात. म्हणजे स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर कोणती स्त्री बसेल, हे स्त्रिया नसलेल्या बैठकीने ठरवले, आणि एका स्त्रीने तो निर्णय मतदारांवर सोपवावा, एवढेच म्हटले. उमेदवारांनी आपखुशीने अर्ज मागे घेतले तर बिनविरोध निवड होऊ शकते, त्यात बेकायदा काही नाही. धाक घालून अर्ज मागे घ्यायला लावणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. उमेदवाराला किंवा मतदाराला इजेची धमकी देणे, तसेच ‘तुझ्यावर देवाचा कोप होईल’ असे त्याच्या मनात भरवून त्याच्या निवडणूकविषयक हक्काच्या आड येणे, याला आपल्या फौजदारी कायद्यात निवडणुकीतील गैरवाजवी दबाव म्हटले आहे आणि तो शिक्षापात्र गुन्हा आहे. ही तरतूद जुन्या भारतीय दंड संहितेत होती, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. देवाच्या नावाने मत फिरवण्याचा प्रयत्न होऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखले होते. अशा गुन्ह्यांच्या तक्रारीला कालमर्यादा असते, म्हणून या मुद्द्यावर वकिलाचे मत लगेच घ्या. मर्यादा उलटली असली तरी वाळीत टाकण्यामागचे कारण म्हणून ही हकिगत तक्रारीत यायलाच हवी.

आता आपल्या मुख्य तक्रारीकडे वळते. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदातील दुसरे कलम सांगते, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक विहिरी, तलाव, रस्ते यांचा वापर नाकारता येणार नाही. मूलभूत हक्क सहसा सरकारविरुद्ध मागितले जातात. हे कलम त्यापलीकडे जाऊन खासगी दुकानदारालाही बांधते. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८मध्ये यावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे, मोबदला घेऊन सेवा देणारे त्यात येतात, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले होते. तरीही आपल्या प्रकरणात हे कलम पुरेसे पडेलच असे नाही, कारण आपण आणि आपल्याला वाळीत टाकणारे एकाच जातीचे आणि एकाच देवळाचे आहात. आपला दोष एवढाच, की आपल्या घराने बहुमताविरुद्ध पाऊल टाकले.

ही उणीव भरून काढण्यासाठीच महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६चा कायदा केला. विधिमंडळाने तो १३ एप्रिल २०१६ रोजी संमत केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७मध्ये तो अमलात आला. त्याआधीची काही वर्षे वाळीत टाकल्याच्या तक्रारींमुळे आपलाच रायगड जिल्हा वृत्तपत्रांतून सतत गाजत होता, हे आपल्याला आठवत असेल. सामाजिक किंवा धार्मिक कार्यात भाग घेऊ न देणे, विवाह वा अंत्यविधी करण्यात अडथळा आणणे, व्यवहार तोडणे किंवा तोडायला लावणे, देवळात, स्मशानात, सभागृहात जाण्यापासून रोखणे, हे सारे या कायद्याने सामाजिक बहिष्कारात मोडते. राजकीय कलावरून समाजातील सदस्यांमध्ये भेदभाव करणे हेही त्यात नमूद आहे, आणि आपल्या पत्नीच्या बाबतीत नेमके तेच घडले आहे. निर्णय देणारे मंडळ नोंदणीकृत असो वा नसो, फर्मान लेखी असो वा तोंडी, त्याने फरक पडत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे, आणि दंडाची रक्कम पूर्णतः वा अंशतः पीडित व्यक्तीला देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. पंचवीस हजार आपण कोणाला द्यायचे, या प्रश्नाकडे या तरतुदीच्या उजेडात एकदा पाहा.

पौर्णिमेच्या आधी काय करायचे, तेही सांगते. घडलेल्या प्रत्येक गोष्टीची तारीख, वेळ, जागा आणि तेथे हजर असलेल्यांची नावे एका वहीत लिहून काढा. आठवणीतल्या गोष्टींनाही जवळची तारीख किंवा सण लिहा. गावकीच्या व्हॉट्सॲप गटावरील संदेश, दंडाचा निरोप, फोनवरचे बोलणे जपून ठेवा, आणि ते मुंबईच्या भावाकडेही पाठवून ठेवा. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. हा दखलपात्र गुन्हा आहे. तक्रार घेण्यास टाळाटाळ झाली तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवता येते, आणि या कायद्याखाली थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांना स्वतंत्र अर्ज करा, कारण बहिष्कार घालण्यासाठी बैठक भरणार असल्याची माहिती मिळाल्यास ती भरू न देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिला आहे. आपल्यासाठी आजच्या घडीला सर्वांत उपयोगाची तरतूद हीच आहे. वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपल्या तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते.

तक्रारीत कोणाची नावे घालावीत, यावर मात्र थांबून विचार करा. दुकानदार आणि गिरणीवाला आपल्याला ‘नाही’ म्हणाले, ते बहुधा स्वतःवर पाळी येईल या भीतीने. ज्यांनी बैठक बोलावली, निर्णय दिला, निरोप धाडला, त्यांचीच नावे द्या, आणि घडले तेवढेच लिहा. रागाच्या भरात घातलेले एक खोटे वाक्य शंभर खऱ्या वाक्यांना बाद करते. अख्खे गाव आरोपी केले तर अख्खे गाव एक होईल. पीडित व्यक्तीची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर या गुन्ह्यात तडजोडही होऊ शकते. गावाशी पुन्हा जुळवून घ्यायची आपली इच्छा मला पत्राच्या ओळीओळीत दिसते आणि ती रास्त आहे. पण ती तडजोड न्यायालयासमोर, बरोबरीच्या नात्याने व्हावी, देवळात मान खाली घालून होऊ नये.

बैठकीत कोणीतरी आपल्याला सांगेल, की बहिष्कार हे कोकणातल्या गरिबांचेच शस्त्र होते; चरीचा संप विसरलात का? चरीचे शेतकरी मी विसरलेले नाही. १९३३मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले, आणि उपासमार सोसून तो संप कित्येक वर्षे चालवला. त्यांचा असहकार आपल्या पिकावर ज्याची सत्ता होती त्याच्याशी होता, आणि तो करताना ते स्वतः उपाशी राहिले. एका घराचे दळण अडवणाऱ्या सव्वाशे घरांनी त्यांचे नाव घ्यावे, हे मला सहन होत नाही.

आता आपल्या पत्रातील एका वाक्याबद्दल लिहिते. ते मी गाळले असते तर आपल्याला बरे वाटले असते, पण उत्तर अप्रामाणिक झाले असते. ‘आम्ही काही खालच्या बौद्धवाडीतले नाही, की आम्हांला पालखी नाकारावी’, असे आपण लिहिले आहे. म्हणजे त्या वाडीत पालखी जात नाही, हे आपल्याला आजवर माहीत होते, आणि ते आपल्याला खुपत नव्हते. त्या वाडीतल्या अनेकांनी ग्रामदेवतेचा मार्ग स्वतःहून सोडला असेल, त्यांना आज पालखी नकोही असेल. तो त्यांचा निर्णय. पण आपले वाक्य त्यांच्या इच्छेबद्दल नाही. काही घरांना नाकारणे हे रीतीला धरून आहे आणि आपल्याला नाकारणे तेवढे अन्यायाचे आहे, असे ते वाक्य म्हणते. हाच समज मनात ठेवून गावकीसमोर उभे राहिलात, तर तिच्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नसेल. कारण कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरवण्याचा तिचा अधिकार आपणही मानतच आला आहात, फक्त आपले घर आतल्या यादीत असावे, एवढेच आपले मागणे राहते.

आपण राहता तेथून महाड दूर नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३मध्ये केला, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण सवर्णांच्या विरोधामुळे तो वापरता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दिवाणी दावा गुदरला गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे. खाडीच्या पलीकडे, मंडणगड तालुक्यात, बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे. आपल्याला ज्या संविधानाचा आधार घ्यायला मी सांगते आहे, त्यातील विहिरी, तलाव आणि दुकाने हे शब्द या मुलखातल्या अशा अनुभवांतून आलेले आहेत, आणि ज्यांनी ते सोसले त्यांचीच नातवंडे-पतवंडे आपल्या गावाच्या खालच्या वाडीत राहतात. त्यांनी आपल्या पत्नीला मते दिली. आपण त्यांच्या घरी जाऊन आभार मानले का, हे पत्रात लिहिलेले नाही. गेला नसाल तर जा, आणि त्यांच्यापैकी कोणी साक्ष द्यायला तयार असेल तर त्याला कोणते धोके पत्करावे लागतील, हे त्याला आधी मोकळेपणाने सांगा.

पत्रात आणखी एक गोष्ट नाही. भाऊ काय म्हणतो ते आहे, आई काय म्हणते ते आहे, गावकी काय म्हणते ते आहे. अर्ज भरणाऱ्या बाईंचे म्हणणे एका ओळीतही नाही. माफी त्यांनी मागायची, नारळ त्यांनी ठेवायचा, आणि ‘दंड भरून टाकावा का’ हे आपण मला विचारता. हे त्यांना विचारा. मी वर दिलेला सल्लासुद्धा त्यांच्या संमतीवाचून अमलात आणू नका, कारण तक्रार झाल्यावर गावातल्या बायकांच्या नजरा पाणवठ्यावर त्यांनाच सोसाव्या लागणार आहेत. त्या तयार असतील तर पहिली सही त्यांची असू द्या.

राहता राहिल्या आपल्या आई. त्यांना कायद्याची कलमे सांगून झोप लागणार नाही. अंत्यविधीत अडथळा आणणे हा गुन्हा आहे, हे आपण लक्षात ठेवा, पण त्यांच्याशी बोलताना नावे घेऊन बोला. मुंबईचा भाऊ निरोप मिळताच निघून किती तासांत पोहोचेल, आईंच्या माहेरची कोण माणसे येतील, शेजारच्या गावातले कोणते पाहुणे बोलावता येतील, हे त्यांच्याजवळ बसून मोजा. भावाला याच आठवड्यात दोन दिवसांसाठी बोलावून घ्या. पैसे भरण्याचा सल्ला त्याने मुंबईत बसून दिला आहे; खांदा देईन, हे वचन त्याने आईसमोर बसून द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दोघांबरोबर पोलीस ठाण्यात यावे.